बिल ऑफ एंट्रीत सवलत लावायची राहिली, आता काय? अमेंडमेंट, रिफंड आणि ते एक वर्ष

रात्री साडेअकराला सीएचएकडून, म्हणजे आमचं कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटकडून, व्हॉट्सअॅपवर चेकलिस्ट, म्हणजे बिल ऑफ एंट्रीचा मसुदा, आली. पाच आयटम, जहाज परवा लागणार, बीई (बिल ऑफ एंट्री, म्हणजे इम्पोर्ट मालाची कस्टम्सकडे भरायची नोंद) उशिरा पडली तर पहिले तीन दिवस रोजचे ५,००० आणि पुढे रोजचे १०,००० लेट चार्ज, त्यामुळे मी काय केलं तर पहिली ओळ बघितली, थायलंडच्या मालाला आसियानचं (आसियान देशांशी झालेल्या व्यापार कराराचं) ड्युटी सवलतीचं नोटिफिकेशन लागलंय ना, लागलंय, "ओके, फाइल करा" लिहिलं आणि झोपलो. सात महिन्यांनी आमच्या कॉस्टिंगवालीने विचारलं की सर, एकाच कन्टेनरमधल्या एका पार्टला बेसिक ड्युटी शून्य आणि बाकी चारांना साडेसात टक्के कशी काय? तेव्हा कळलं की नोटिफिकेशन फक्त पहिल्या ओळीला लागलं होतं, खालच्या चार ओळी कोऱ्या.

सीएचएवर ओरडून उपयोग नसतो, कारण कस्टम्स कायद्याच्या कलम ४६(४ए) प्रमाणे बीईतली माहिती खरी आणि पूर्ण आहे याची जबाबदारी इम्पोर्टरची, आणि चेकलिस्टला ओके मीच दिलं होतं. पण पैसे परत मिळू शकतात. त्या भानगडीत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून टाकतो कारण बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. रिफंडचं एक वर्ष ड्युटी भरल्याच्या तारखेपासून मोजतात. चूक सापडल्याच्या तारखेपासून नाही आणि अमेंडमेंटची, म्हणजे बीई दुरुस्तीची, ऑर्डर मिळाल्यापासूनही नाही. त्यामुळे आधी चलानची तारीख शोधा, मोठ्या अक्षरात टेबलावर चिकटवा आणि मग पुढचं वाचा.

पहिलं काम: नक्की काय चुकलंय ते ठरवा

सीएचएने मेलवर पाठवलेली कॉपी बघू नका, आइसगेटवरून, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवरून, फायनल बीईची पीडीएफ काढा. पुढच्या पानावरचे टोटल बघून काही कळत नाही, प्रत्येक आयटमचं ड्युटीचं पान उघडा आणि तिथे सीटीएच (मालाचा टॅरिफ कोड), बेसिकचं नोटिफिकेशन नंबर आणि त्याचा सिरीयल नंबर, आयजीएसटीचं (इम्पोर्टवरच्या जीएसटीचं) नोटिफिकेशन आणि त्याचा सिरीयल नंबर हे सगळं ओळीओळीने एक्सेलमध्ये उतरवा. शेजारी "काय असायला हवं होतं" असा कॉलम करा. कंटाळवाणं आहे पण पुढच्या अर्जाचं अर्धं काम इथेच होतं.

इथे एक नवा खड्डा सांगतो. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या तोंडी ५०/२०१७ हे नोटिफिकेशन होतं, त्याचे सिरीयल नंबर लोकांना पाठ होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ते आणि बाकीची बरीच नोटिफिकेशन्स गुंडाळून एकच ४५/२०२५ आलं आणि सिरीयल नंबर बदलले. म्हणजे जुन्या बीईचा अर्ज करताना त्या दिवशी जे नोटिफिकेशन चालू होतं तेच लिहायचं, आजचं नाही, आणि नवीन बीईत जुन्या टेम्प्लेटमधून नंबर कॉपी झालाय का ते बघायचं.

चूक सापडली की ती कुठल्या खणात बसते ते ठरवा, कारण प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे. क्वांटिटी १०० च्या जागी १,००० पडली, बेरीज चुकली असलं काही असेल तर ती टायपिंगची चूक, त्याला कलम १५४. सवलत मागायचीच राहिली, सीटीएच चुकीचा टाकला, जीएसटीआयएन दुसऱ्या राज्यातल्या ब्रँचचा पडला, तर कलम १४९ ची अमेंडमेंट. तुम्ही सवलत मागितली होती आणि ऑफिसरने ती नाकारून असेसमेंट, म्हणजे ड्युटीची आकारणी, बदलली, तर ती तुमची चूकच नाही, तो वाद आहे, त्याला कलम १२८ चं अपील. आणि उलटं झालं असेल, म्हणजे लागू नसलेली सवलत चुकून घेतली गेली, तर कलम २८, त्याबद्दल खाली.

माल अजून आतच असेल तर

नशीब चांगलं. आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायची कस्टम्सची परवानगी, व्हायच्या आधी चूक सापडली तर सीएचएला लगेच सिस्टिममध्ये अमेंडमेंट टाकायला सांगा, असेसमेंट झाली असेल तर रिकॉल करून परत असेस करायची विनंती करा. दोन-तीन दिवस जातील, सीएफएसचं (कन्टेनर ठेवतात त्या यार्डचं) भाडं आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कन्टेनर अडकवल्याचा आकार, चढेल, मग लोक म्हणतात की जाऊ दे, आत्ता भरा आणि नंतर रिफंड घेऊ. हिशोब करा बाबांनो. फरक दहा-पंधरा हजारांचा असेल तर भरून मोकळे व्हा, पण दीड-दोन लाखांचा असेल तर दोन दिवसांचं डिटेन्शन परवडतं, नंतरच्या सहा-आठ महिन्यांच्या फेऱ्या परवडत नाहीत.

ऑफिसर सवलत द्यायला तयार नसेल आणि माल तर प्लांटला हवाच असेल, तर क्वेरीच्या उत्तरात "आम्हाला मान्य आहे" असं लिहू नका. ही चूक खूप जण करतात, सीएचएचा मुलगा माल लवकर सुटावा म्हणून परस्पर तसं लिहून टाकतो. असेसमेंट तुमच्या म्हणण्याविरुद्ध झाली आणि तुम्ही लेखी मान्य केलं नसेल तर कलम १७(५) प्रमाणे ऑफिसरने १५ दिवसांत कारणांसह ऑर्डर द्यायची असते. ती मागा, ड्युटी अंडर प्रोटेस्ट, म्हणजे हरकत नोंदवून, भरा, तसं पत्र देऊन पोच घ्या. अंडर प्रोटेस्ट भरलेल्या ड्युटीला रिफंडची एक वर्षाची मर्यादा लागत नाही. मग कमिशनर अपील्सकडे ६० दिवसांत अपील, उशीर झाला तर योग्य कारण दाखवून आणखी ३० दिवस मिळू शकतात, त्यानंतर दार बंद. अपील जिंकलात तर रिफंडचं वर्ष त्या ऑर्डरच्या तारखेपासून मोजलं जातं.

माल सुटून गेलाय: कलम १४९

बहुतेक केसेस इथेच येतात. आधी हे समजून घ्या की सरळ रिफंडचा फॉर्म भरून चालत नाही. २०११ पासून सेल्फ असेसमेंट आहे, म्हणजे बीई तुम्हीच असेस केलेली असते, आणि सुप्रीम कोर्टाने आयटीसीच्या केसमध्ये १८ सप्टेंबर २०१९ ला सांगितलं की सेल्फ असेसमेंट ही सुद्धा असेसमेंटच आहे, ती आधी बदलून घेतल्याशिवाय रिफंड देता येणार नाही. त्यावर बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला "मग अपीलच करा" असं उत्तर मिळायचं, आणि अपीलचे ६० दिवस तर कधीच गेलेले असायचे. मग बॉम्बे हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये डायमेन्शन डेटाच्या केसमध्ये स्पष्ट केलं की असेसमेंट बदलायला अपील हा एकच मार्ग नाही, कलम १४९ आणि १५४ ने पण ती दुरुस्त होऊ शकते. महाराष्ट्रातल्या बंदरांवर आणि एअरपोर्टवर काम करणाऱ्यांनी हा निकाल अर्जाला जोडायचाच.

"तेव्हा मागितली नाही, आता कशी मागता?" या प्रश्नाला उत्तर म्हणजे शेअर मेडिकल केअरचा २००७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, सुरुवातीला सवलत मागितली नाही म्हणून नंतर मागायचा हक्क जात नाही. पण समोरून दिलीप कुमार अँड कंपनीचा २०१८ चा निकाल येणार हे धरून चला, तो मुंबई कस्टम्सचाच होता, त्यात घटनापीठाने म्हटलंय की सवलतीच्या नोटिफिकेशनचा अर्थ काटेकोर लावायचा, तुम्ही त्यात बसता हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची, आणि शंका राहिली तर फायदा सरकारला. त्यामुळे अर्जात भावनिक लिहू नका, नोटिफिकेशनच्या प्रत्येक अटीसमोर आपला कागद ठेवा.

कलम १४९ ची खरी मेख एकाच वाक्यात आहे. माल सुटल्यानंतर अमेंडमेंट मिळते ती फक्त अशा कागदांच्या आधारावर, जे माल सुटला त्या वेळी अस्तित्वात होते. आमचं इथे जमलं, कारण सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशात बनला याचा दाखला), आसियानसाठीचा तो फॉर्म एआय, त्यावर पाचही पार्ट लिहिलेले होते आणि तो पहिल्या दिवसापासून ई-संचितवर, म्हणजे कस्टम्सच्या कागद अपलोड करायच्या सिस्टिमवर, अपलोड होता, फक्त चार ओळींना लिंक झाला नव्हता. हेच सर्टिफिकेट माल सुटल्यानंतर महिन्याभराने सप्लायरने मागच्या तारखेच्या शिपमेंटसाठी काढून दिलं असतं, तर फॉर्मवर तसं रिट्रोअॅक्टिव्ह देता येतं हे खरं असलं तरी १४९ मध्ये भांडण लागलं असतं. तसंच सप्लायरने नंतर पाठवलेली डेबिट नोट किंवा सुधारलेलं इनव्हॉइस घेऊन व्हॅल्यू बदलायला जाऊ नका, तो कागद तेव्हा नव्हताच. सीटीएच बदलायचा असेल तर कॅटलॉग, टेक्निकल डेटाशीट, पर्चेस ऑर्डर असले जुने कागद कामाला येतात, कारण माल तर आता मशीनमध्ये बसलाय, तपासायला दाखवणार कुठून.

एफटीएची, म्हणजे व्यापार कराराची, सवलत मागत असाल तर आणखी एक. अशा सवलतीत मालाचं ओरिजिन तपासायचे कॅरोटार नियम २१ सप्टेंबर २०२० पासून आहेत, त्यात इम्पोर्टरकडे फॉर्म १ मधली माहिती, म्हणजे माल तिथे कसा बनला, व्हॅल्यू अॅडिशन किती, ओरिजिनचा कुठला निकष पूर्ण होतो, ही स्वतःजवळ असायला हवी आणि कागद पाच वर्षं सांभाळायचे. ऑफिसरने मागितली तर १० वर्किंग डे मध्ये द्यायची. अमेंडमेंटचा अर्ज गेला की ती मागितली जाण्याची शक्यता भरपूर, म्हणून अर्जाच्या आधीच सप्लायरच्या मागे लागा. आमच्या थायलंडवाल्याने "कॉस्टिंग आम्ही कुणाला देत नाही" म्हणून तीन आठवडे घालवले, शेवटी आकडे झाकून निकष कसा पूर्ण होतो एवढं लेटरहेडवर दिलं.

अर्ज कसा लिहायचा

ज्या पोर्टला माल आला तिथल्या डेप्युटी किंवा असिस्टंट कमिशनरच्या नावाने. विषयातच बीई नंबर, तारीख, आउट ऑफ चार्जची तारीख आणि "कलम १४९ सह १५४ अन्वये" हे लिहा. आत पहिल्या परिच्छेदात काय झालं ते चार वाक्यांत, लांबण नको. मग ते एक्सेलचं टेबल: आयटम नंबर, बीईत काय आहे, काय हवं, ड्युटीचा फरक. मग कुठला कागद काय सिद्ध करतो आणि त्याचा ई-संचितचा आयआरएन नंबर, त्याने कागद तेव्हाच अपलोड होता हे तारखेसकट दिसतं, याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. जोडायचं काय तर बीई, आउट ऑफ चार्ज कॉपी, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल (बिल ऑफ लेडिंग), सर्टिफिकेट, चलान, नोटिफिकेशनच्या संबंधित पानाची प्रिंट, कोर्टाचे निकाल, सीएचएचं ऑथॉरिटी लेटर आणि या बीईवर चौकशी, अपील काही चालू नाही असं साधं डिक्लरेशन.

शेवटी दोन ओळी नक्की टाका: नाकारायचं असेल तर आधी पर्सनल हिअरिंग द्यावी आणि कारणांसह लेखी ऑर्डर द्यावी. तोंडी नकारावर अपील करता येत नाही, लेखी असेल तर येतं. इनवर्डचा शिक्का मारून पोच घ्या, मेलवर पण पाठवा.

आणि आता कलम १८ए पण आलंय

२०२५ च्या फायनान्स अॅक्टने कस्टम्स कायद्यात १८ए घातलं आणि ते १ नोव्हेंबर २०२५ पासून चालू झालं. माल सुटल्यावर इम्पोर्टरने स्वतःहून एंट्री सुधारायची, कमी भरलं असेल तर फरक व्याजासकट भरायचा आणि जास्त भरलं असेल तर ती सुधारलेली एंट्रीच रिफंडचा अर्ज धरली जाते. ऐकायला मस्त आहे, पण दारात पाट्या आहेत. ऑडिट, सर्च, सीझर किंवा समन्स सुरू झाल्याचं तुम्हाला कळवलं गेलं असेल तर हा रस्ता बंद. रिफंडच्या बाबतीत, ऑफिसरने आधीच रीअसेस केलेली बीई असेल तरी बंद. बाकीच्या अटी त्याच्या रेग्युलेशन्समध्ये आहेत, त्या एकदा सीएचएसोबत बसून वाचा. माझं मत विचाराल तर साधी, आरएमएसमधून (सिस्टिमच्या जोखीम तपासणीतून) ऑफिसरकडे न जाता सरळ सुटलेली बीई असेल तर १८ए बघा, आणि ऑफिसरने हात लावलेली असेल तर १४९ किंवा अपील.

आणि त्याच फायनान्स अॅक्टने कलम २७ मध्ये खुलासा घातला की १८ए असो की १४९, रिफंडचं वर्ष ड्युटी भरल्यापासूनच. म्हणून सुरुवातीला म्हटलं ना, चलानची तारीख टेबलावर चिकटवा.

रिफंड

आकडे घेऊनच बोलू. चार ओळींची मिळून असेसेबल व्हॅल्यू, म्हणजे ज्या किमतीवर ड्युटी लागते ती, २०,००,००० धरा. बेसिक साडेसात टक्के म्हणजे १,५०,०००, त्यावर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज १५,०००, आणि १८ टक्के आयजीएसटी २१,६५,००० वर म्हणजे ३,८९,७००. एकूण भरले ५,५४,७००. बेसिक शून्य असती तर सरचार्ज पण शून्य आणि आयजीएसटी फक्त ३,६०,०००. फरक १,९४,७००.

पण थांबा, हा सगळा फरक मागायचा नाही. त्यातल्या २९,७०० आयजीएसटीचं क्रेडिट तुम्ही बहुतेक जीएसटीत घेऊन बसलाय, तेच पुन्हा कस्टम्सकडून मागितलं तर दुहेरी फायदा होतो आणि तिथेच फाइल अडकते. आम्ही फक्त १,६५,००० मागितले आणि आयजीएसटीचं क्रेडिट घेतलंय म्हणून तो भाग मागत नाही असं लिहून दिलं. अमेंड झालेली बीई जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे जीएसटीच्या क्रेडिटच्या स्टेटमेंटमध्ये, वेगळ्या टेबलमध्ये दिसू शकते, त्यामुळे जीएसटी बघणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो नंतर तुमच्या नावाने खडे फोडेल. क्रेडिट घेताच येत नसेल अशा संस्थांनी मात्र आयजीएसटीचा फरक पण मागायचा.

रिफंडचा अर्ज कलम २७ खाली ठरलेल्या फॉर्ममध्ये, दोन प्रतींत. माझा सल्ला, अमेंडमेंटची ऑर्डर यायची वाट बघत बसू नका. अकरावा महिना लागला आणि ऑर्डर नाही, तर रिफंडचा अर्ज टाकून द्या, त्यात लिहा की अमेंडमेंटचा अर्ज अमुक तारखेचा प्रलंबित आहे. डिफिशन्सी मेमो, म्हणजे अर्जातल्या त्रुटींचं पत्र, येईल, येऊ दे, पण तारखेच्या आत इनवर्ड झालेला अर्ज हातात असणं आणि नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी आमचा दहाव्या महिन्यात टाकला होता आणि ऑर्डर आली तेव्हा तेरावा महिना चालू होता.

यानंतर सगळ्यात जास्त केसेस जिथे पडतात ती जागा, अनजस्ट एनरिचमेंट. कायदा असं धरूनच चालतो की ड्युटीचा बोजा तुम्ही गिऱ्हाइकावर टाकलाय, टाकला नाही हे तुम्हीच दाखवायचं. नाही दाखवता आलं तर रिफंड मंजूर होऊनही पैसे ग्राहक कल्याण निधीत जातात, तुमच्या खात्यात नाही. नुसतं सीएचं सर्टिफिकेट देऊन भागत नाही. ज्या दिवशी चूक सापडली त्याच दिवशी अकाउंट्सला सांगून ती रक्कम खर्चातून काढा आणि "कस्टम्स रिफंड येणे" म्हणून अॅसेट बाजूला दाखवा, ताळेबंदात ती दिसली पाहिजे. सोबत त्या मालाच्या चूक होण्याआधीच्या आणि नंतरच्या विक्रीची इनव्हॉइसेस, किंमत तीच राहिली हे दाखवायला. आमच्याकडे वर्ष संपायच्या आत सापडलं म्हणून निभावलं. पुस्तकं बंद झाल्यावर सापडलं आणि पूर्ण ड्युटी खर्चात गेली असेल तर सीएला लवकर गाठा, कारण मग तोच मुद्दा तुमच्यावर उलटतो.

ड्युटी कमी भरली गेली असेल तर

गप्प बसू नका. साधी चूक असेल तर नोटीस दोन वर्षांपर्यंत येऊ शकते, मुद्दाम लपवल्याचा आरोप असेल तर पाच वर्षांपर्यंत. नोटीस यायच्या आधी स्वतःहून फरक आणि १५ टक्क्यांनी व्याज भरून ऑफिसरला लेखी कळवलं तर साध्या चुकीच्या केसमध्ये पेनल्टी लागत नाही. वरचाच आकडा उलटा धरला तर १,९४,७०० वर वर्षाचं व्याज २९,२०५ होतं, म्हणजे महिन्याला अडीच हजारांच्या आसपास, आणि ते रोज चढतंय. लपवल्याचा ठपका बसला तर पेनल्टी ड्युटीइतकीच होऊ शकते. चूक आपणच शोधली, आपणच भरली, हे दाखवणारा कागद तयार असला की तो ठपका बसवणं अवघड जातं.

सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन यायचं बाकी आहे आणि माल लागलाय, अशा वेळी आधी पूर्ण ड्युटी भरून नंतर अमेंडमेंट मागू हा विचार सोडा. आधीच कलम १८ खाली प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरती, असेसमेंट मागा, बॉन्ड द्या, लागेल ती सिक्युरिटी द्या. आता ती फायनल करायला दोन वर्षांची मुदत आहे, वर एक वर्ष वाढवता येते, त्यामुळे पूर्वीसारख्या दहा-दहा वर्षं लटकत नाहीत असं धरायला हरकत नाही. आणि फायनल झाल्यावर रिफंडचं वर्ष तिथून मोजतात.

चेकलिस्टचं म्हणाल तर मी आता आयटमवाइज ड्युटीचं पान आल्याशिवाय ओके देत नाही, आणि सीएचएला सांगितलंय की नोटिफिकेशनचा कॉलम जिथे कोरा असेल ती ओळ पिवळी करून पाठव. तो वैतागतो, पण करतो.

शेवटी रिफंडची ऑर्डर हातात आली की रकमेच्या खाली बघा, व्याज दिलंय का. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत पैसे दिले नाहीत तर पुढच्या दिवसांवर ६ टक्के व्याज देय असतं, कलम २७ए. आमच्या ऑर्डरमध्ये ते नव्हतं. एका पानाचं पत्र टाकलं, अर्जाची इनवर्ड तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख लिहून, आणि ते वेगळं आलं, चार हजार दोनशे काहीतरी.